लोप, अदर्शन आणि नाश : कमांड लाईनवरून फाईल काढण्याच्या पर्यायांची चिकित्सा

१

संगणकावरील फाईल काढून टाकणे ही क्रिया आज इतकी नित्याची झाली आहे, की तिच्या स्वरूपाचा विचार करण्याची आवश्यकता सहसा कोणास भासत नाही. कमांड लाईनवर, म्हणजे आज्ञा टंकित करून संगणकाशी व्यवहार करण्याच्या पद्धतीत, या कामासाठी ‘आरएम’ ही आज्ञा रूढ आहे. तिच्या जोडीस अन्य मार्गही पुष्कळ असून, मार्गदर्शक पुस्तकांतून त्यांच्या याद्या दिलेल्या आढळतात. (या आज्ञा प्रत्यक्षात रोमन अक्षरांत टंकित कराव्या लागतात, येथे त्या उच्चारानुसार नागरीत दिल्या आहेत.) अशा याद्यांत पर्यायांचा क्रम बहुधा वेगावरून किंवा सामर्थ्यावरून लावलेला असतो. थोड्या फायलींसाठी अमुक आज्ञा, लक्षावधी फायलींसाठी तमुक, आणि काहीही शिल्लक राहू नये अशी इच्छा असेल तर आणखी निराळी, अशी ही मांडणी असते.

व्यवहाराच्या दृष्टीने ही मांडणी सोयीची खरी, परंतु तीत एक मूलभूत उणीव राहून जाते. हे सर्व मार्ग एकाच क्रियेचे कमीअधिक वेगवान प्रकार आहेत, असे ती गृहीत धरते. वस्तुतः या क्रियाच परस्परांहून भिन्न आहेत. एका मार्गाने फाईलचे केवळ नाव जाते. दुसऱ्याने नाव राहते आणि आशय जातो. तिसऱ्याने दोन्ही राहतात, मात्र वस्तू दृष्टीआड होते. या तिन्हींना ‘काढून टाकणे’ हे एकच क्रियापद लावल्यामुळे त्यांतील भेद झाकला जातो, आणि जेथे केवळ दृष्टीआड करणे पुरेसे होते तेथे कायमचा नाश ओढवून घेतला जातो.

संस्कृत व्याकरणपरंपरेस हा भेद अपरिचित नव्हता. पाणिनीने लोपाची व्याख्या नाश अशी न करता न दिसणे अशी केली आहे. एवढेच नव्हे, तर प्रत्ययाचा लोप झाला तरी त्या प्रत्ययामुळे होणारे कार्य चालू राहू शकते, अशी व्यवस्थाही त्याने लावून दिली. म्हणजे जे दिसत नाही ते नाहीच असे समजण्याची चूक या शास्त्राने पहिल्यापासून टाळली आहे. फायलींच्या संदर्भात हीच चूक आज सर्रास घडते. ती टाळण्याचे साधन पाठचिकित्सेच्या अभ्यासकाजवळ आहे, कारण ग्रंथाचा लोप, त्याचे गोपन आणि त्याचा नाश यांत अंतर करणे हा त्याच्या शास्त्राचा नित्याचा विषय होय. या दृष्टीने प्रस्तुत पर्यायांचे परीक्षण करावयाचे, तर त्याचा आरंभ रिद्धपूरपासून करणे उचित ठरते.

२

अमरावती जिल्ह्यातील मोर्शी तालुक्यातले रिद्धपूर हे गाव श्रीगोविंदप्रभूंचे निवासस्थान आणि महानुभाव पंथाचे आद्य तीर्थक्षेत्र होय. मराठीतील आद्य गद्य चरित्रग्रंथ म्हणून मान्यता पावलेले लीळाचरित्र म्हाइंभटांनी शके १२०० च्या, म्हणजे इ. स. १२७८ च्या सुमारास येथेच, वाजेश्वरीच्या स्थानी सिद्ध केले, अशी परंपरा आहे. श्रीचक्रधरांच्या प्रयाणानंतर त्यांच्या लीळा ज्या ज्या शिष्यांस ठाऊक होत्या त्यांच्याकडून त्या मिळवावयाच्या, आणि नागदेवाचार्यांच्या संमतीने त्यांची निश्चिती करावयाची, ही म्हाइंभटांची पद्धती होती. मराठी भाषेसाठीच्या स्वतंत्र विद्यापीठाकरिता हे स्थान निवडले गेले, त्यामागे ही पूर्वपीठिका आहे.

परंतु रिद्धपूरच्या या ग्रंथाचा इतिहास जसा निर्मितीचा आहे तसाच लोपाचाही आहे. चौदाव्या शतकाच्या आरंभी यादवांचे राज्य कोसळले. पंथीय परंपरा ज्यास खालशाची धाड म्हणते त्या धामधुमीत म्हाइंभटांची मूळ प्रत नाहीशी झाली. पुढे ज्यांना लीळा मुखोद्गत होत्या त्यांच्या स्मरणावरून ग्रंथ पुन्हा बांधण्यात आला. हिराइसेच्या असामान्य स्मरणशक्तीचा उल्लेख या संदर्भात परंपरेने आवर्जून केला आहे. निरनिराळ्या व्यक्तींच्या स्मरणावरून निरनिराळे पाठ सिद्ध झाले. महत्त्वाची गोष्ट ही, की उत्तरकालीन संकलकांनी त्यांतील एक पाठ खरा मानून उरलेले पुसून टाकले नाहीत. भिन्न पाठ ‘वासना’ आणि नव्याने मिळालेली माहिती ‘शोधु’ अशा संज्ञांखाली पोथ्यांतून नोंदलेली आढळते. अमुक पाठ हिराइसेचा, अमुक रामेश्वरबासांचा, असा निर्देश लेखनाच्या ओघातच येतो.

मूळ प्रतीचा नाश होऊनही ग्रंथ टिकला, याचे कारण त्याचा आशय एकाच वस्तूत बंदिस्त नव्हता. आणि तो संशोधनास उपयोगी अशा रूपात टिकला, याचे कारण पुनर्रचना करणारांनी आपल्या निवडीची साक्ष मागे ठेवली. ह. ना. नेने यांच्या १९३० च्या दशकातील आवृत्तीपासून वि. भि. कोलते यांच्या १९७८ च्या संपादनापर्यंत लीळाचरित्राचे जे आधुनिक संपादन झाले, ते या साक्षीवाचून संभवले नसते. फाईल काढण्याच्या पर्यायांना लावावयाची कसोटी येथे हाती लागते. कोणता मार्ग किती वेगाने काम करतो हा प्रश्न गौण होय. तो नेमके काय नाहीसे करतो आणि मागे कोणती साक्ष ठेवतो, हा मुख्य प्रश्न होय.

३

युनिक्स या प्रणालीची पहिली हस्तपुस्तिका ३ नोव्हेंबर १९७१ या दिनांकाची आहे. केन थॉम्प्सन व डेनिस रिची यांच्या त्या पुस्तिकेत ‘आरएम’ आणि ‘आरएमडिर’ या आज्ञा आढळतात, आणि त्यांच्या मुळाशी असलेली ‘अनलिंक’ ही अंतर्गत क्रियाही आढळते. ‘अनलिंक’ म्हणजे जोड सोडविणे. क्रियेचे खरे स्वरूप या नावातच स्पष्ट झाले आहे. युनिक्सच्या रचनेत फाईलचे नाव आणि फाईल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आशय कोठे साठविला आहे, तो किती मोठा आहे, त्यावर कोणाचा अधिकार आहे, ही माहिती ‘आयनोड’ नामक नोंदीत असते. त्या नोंदीस क्रमांक असतो, परंतु नाव नसते. नाव हे फोल्डरात असते, आणि फोल्डर म्हणजे नावे व आयनोडचे क्रमांक यांची केवळ एक वही होय. एकाच आयनोडला दोन किंवा अधिक नावे असू शकतात.

‘आरएम’ ही आज्ञा त्या वहीतील एक ओळ खोडते, याहून अधिक काही करीत नाही. याचा सबळ पुरावा अधिकाराच्या व्यवस्थेत मिळतो. एखादी फाईल वाचण्याचा वा तीत लिहिण्याचा अधिकार नसला, तरी ती ज्या फोल्डरात आहे त्यात लिहिण्याचा अधिकार असल्यास ती सामान्यतः काढता येते. कारण बदल फाईलमध्ये होत नसून फोल्डरात होतो. शेवटचे नाव गेले आणि ती फाईल उघडून बसलेला एकही कार्यक्रम उरला नाही, म्हणजे प्रणाली ती जागा मोकळी समजते. तोवर आशय जसाच्या तसा राहतो. एखादा कार्यक्रम फाईल वाचीत असताना तिचे नाव काढले, तरी त्याचे वाचन निर्वेध चालू राहते. लिनक्सवर तर त्या कार्यक्रमाच्या आधारे आशय परत मिळविताही येतो. प्रत्ययाचा लोप होऊनही प्रत्ययाचे कार्य चालावे, तशीच ही स्थिती आहे.

‘अनलिंक’ या नावाची स्वतंत्र आज्ञाही उपलब्ध आहे. ती एका वेळी एकच नाव स्वीकारते आणि ‘आरएम’प्रमाणे फोल्डराच्या पोटात शिरण्याची सोय तीत नाही. ‘आरएमडिर’ ही आज्ञा फोल्डर काढते, परंतु ते रिकामे असेल तरच. याद्यांतून या दोन्ही आज्ञांस दुर्बल मानून मागे टाकलेले असते. चिकित्सकास मात्र त्यांचे दौर्बल्य हाच त्यांचा गुण वाटावा. ‘आरएमडिर’ने नकार दिला, याचा अर्थ फोल्डरात अद्याप काही आहे अशी सूचना मिळाली. उलट ‘आरएम’ला ‘-आर’ आणि ‘-एफ’ या दोन खुणा जोडल्या, म्हणजे ती सर्व उपफोल्डरांत उतरते आणि कोणताही प्रश्न विचारीत नाही. ‘-आय’ ही खूण प्रत्येक फाईलविषयी विचारणा करते. त्यामुळे शेकडो फायलींच्या वेळी वापरणारा कंटाळून न वाचताच होकार देऊ लागतो. जीएनयू आवृत्तीतील मोठ्या लिपीतली ‘-आय’ ही खूण तीनांहून अधिक फायली असता, किंवा फोल्डरात खोल उतरावयाचे असता, एकदाच विचारते. माणसाच्या अवधानाची मर्यादा ओळखून केलेली ही योजना अधिक शहाणपणाची आहे.

नाव ठेवून आशय घालविण्याचे मार्ग याच्या अगदी उलट टोकास आहेत. ‘ट्रंकेट’ या आज्ञेने फाईलची लांबी शून्य करता येते. नाव राहते, आयनोड राहतो, आत काहीच उरत नाही, आणि त्याच आयनोडची अन्य नावे असली तर त्या सर्वांखाली आता रिक्तताच सापडते. ‘श्रेड’ ही आज्ञा आशयावर पुनःपुन्हा निरर्थक मजकूर लिहिते. तिच्या आजच्या रूढ स्वरूपात तीन वेळा. वेगळी खूण न दिल्यास ती नाव काढीत नाही, ही गोष्ट लक्षणीय आहे. ‘आरएम’ आणि ‘श्रेड’ ही एकाच श्रेणीतील सौम्य व तीव्र रूपे नव्हेत. त्यांचे विषयच भिन्न आहेत. एकीचा विषय नाव, दुसरीचा आशय.

शिवाय ‘श्रेड’चे सामर्थ्यही समजले जाते तितके निरपवाद नाही. नवा मजकूर जुन्याच्याच जागी लिहिला जातो, या गृहीतावर ती उभी आहे. काही आधुनिक फाईल-व्यवस्था बदललेला मजकूर नव्या जागी लिहितात, आणि चक्तीऐवजी विद्युत्-स्मृती वापरणारी साठवण-साधने झीज समान राहावी म्हणून जागा परस्पर बदलीत असतात. अशा ठिकाणी जुना आशय कोठे तरी शिल्लक राहू शकतो. म्हणून खात्रीच हवी असेल, तर आशय आरंभापासूनच गुप्त लिपीबद्ध ठेवावा आणि काढावयाच्या वेळी केवळ किल्ली नष्ट करावी, हा मार्ग तज्ज्ञ सुचवितात. महानुभाव वाङ्मयाच्या अभ्यासकास ही कल्पना नवीन वाटू नये. रवळोबासांच्या नावे सांगितल्या जाणाऱ्या सकळ लिपीत आणि सुंदरीसारख्या अन्य सांकेतिक लिप्यांत पंथाचे ग्रंथ शतकानुशतके लिहिले गेले. पोथी डोळ्यांसमोर असूनही बाहेरच्या वाचकास ती नसल्यासारखीच होती. विसाव्या शतकाच्या आरंभी त्या लिप्यांची किल्ली अभ्यासकांस उपलब्ध झाली, आणि मराठी वाङ्मयाच्या इतिहासाचा एक मोठा खंड एकाएकी दृग्गोचर झाला. पंथाने किल्ली जपली म्हणून ते गोपन ठरले. किल्ली हरवली असती, तर तोच प्रकार नाश ठरला असता. वस्तू तीच, लेखन तेच. भेद केवळ किल्लीच्या असण्यानसण्याचा.

४

काय काढले जाते या प्रश्नाइतकाच, जे काढावयाचे ते कसे ओळखले जाते, हा प्रश्न महत्त्वाचा आहे. कमांड लाईनवर एकेका फाईलचे नाव क्वचितच टंकित केले जाते. बहुधा तारांकनासारखे चिन्ह वापरून नावांचा गट निर्दिष्ट केला जातो. त्या चिन्हाचा अर्थ ‘आरएम’ लावीत नाही. त्याआधीच आज्ञावाचक, म्हणजे ‘शेल’, त्या जागी सर्व जुळणारी नावे भरतो. नावे फार झाली तर प्रणालीची मर्यादा ओलांडली जाते (लिनक्सवर ती सामान्यतः २० लक्ष बाइटांच्या आसपास असते), आणि आज्ञा चालतच नाही. ‘आरएम’ला पर्याय शोधण्याची गरज अनेकांस प्रथम येथेच भासते.

या गरजेतून पुढे येणारी मुख्य आज्ञा ‘फाइंड’ ही होय. नाव, काळ, आकार, स्वामित्व अशा अटी लावून ती फायली शोधते, आणि अखेरीस ‘-डिलीट’ ही क्रिया जोडल्यास त्या काढते. परंतु तिच्यात शब्दक्रमास अर्थ आहे. अटी आधी व ‘-डिलीट’ नंतर असा क्रम असेल, तर अटींत बसणाऱ्या फायलीच जातात. ‘-डिलीट’ आधी लिहिले, तर अटींचा विचार होण्यापूर्वीच त्या फोल्डराखालील सर्व काही जाते. मराठी वाक्यात कर्ता, कर्म व विशेषणे यांचा क्रम बराच सैल असतो आणि विभक्तिप्रत्यय अर्थ सांभाळतात. त्या सवयीने ही आज्ञा वाचणारास हा धोका जाणवत नाही. म्हणून ‘-डिलीट’च्या जागी आधी ‘-प्रिंट’ लिहून निवड डोळ्यांखालून घालावी, हा नियम केवळ दक्षतेचा नाही. तो वाचनाचा नियम आहे. निवड वाचून पाहिल्यावाचून निर्णय करावयाचा नाही, एवढाच त्याचा आशय.

‘फाइंड’चा परिणाम ‘एक्सआर्ग्स’ या आज्ञेमार्फत ‘आरएम’कडे सोपविण्याची रीतही प्रचलित आहे. तीत नावांतील मोकळ्या जागा घात करतात. ‘गोविंदप्रभु चरित्र’ हे एकच नाव ‘गोविंदप्रभु’ आणि ‘चरित्र’ अशा दोन नावांत फुटते, आणि ‘चरित्र’ नावाची एखादी निराळी फाईल तेथे असल्यास तीच काढली जाते. नावांमध्ये शून्यमूल्याचे विभाजक घालण्याच्या खुणा (‘फाइंड’मध्ये ‘-प्रिंट०’ व ‘एक्सआर्ग्स’मध्ये ‘-०’) वापरल्यास हा दोष टळतो.

देवनागरी नावांच्या बाबतीत मात्र याहून सूक्ष्म अडचण उद्भवते, आणि तिची दखल परभाषांतील याद्यांत क्वचितच घेतलेली असते. ‘रिद्धपूर’ हे नाव वाचकास चार अक्षरांचे दिसते. युनिकोडच्या गणनेने त्यात आठ चिन्हे आहेत, आणि साठवणीत ती २४ बाइट व्यापतात. लिनक्सवरील रूढ फाईल-व्यवस्थेत नावाची मर्यादा २५५ बाइटांची असल्याने देवनागरी नाव ८५ चिन्हांपलीकडे जाऊ शकत नाही. एका चिन्हाच्या जागी येणारे प्रश्नचिन्ह ‘रि’ या एका अक्षराशी जुळत नाही, कारण संगणकाच्या दृष्टीने तेथे र आणि वेलांटी अशी दोन चिन्हे आहेत.

‘वऱ्हाड’ या शब्दाचे उदाहरण अधिक बोधप्रद आहे. त्यातील अर्धा र लिहिण्याचे एकाहून अधिक मार्ग आहेत. एका मार्गाने नुक्तायुक्त ऱ हे स्वतंत्र चिन्ह येते, आणि संपूर्ण शब्द १८ बाइटांत बसतो. दुसऱ्या मार्गाने साधा र, हलन्तचिन्ह आणि त्यानंतर जोडणारे एक अदृश्य चिन्ह येते, आणि शब्दास २१ बाइट लागतात. पडद्यावर दोन्ही एकसारखे दिसतात. बाइटांनुसार तुलना करणाऱ्या व्यवस्थेत मात्र त्या दोन भिन्न नावांच्या दोन भिन्न फायली असतात, आणि एकाच फोल्डरात सुखाने नांदू शकतात. एका कळफलकावर टंकित केलेल्या आज्ञेस दुसऱ्या कळफलकावर दिलेले नाव सापडत नाही. त्याहून वाईट म्हणजे, दोहोंपैकी नको असलेली प्रत काढावयाची असता नको त्या जागी हवी असलेलीच निघून जाते, आणि जे उरले ते नावावरून योग्यच वाटते.

येथे फाईलच्या नावासच पाठभेद उत्पन्न झाला आहे. रिद्धपूरचे नावही रिद्धपूर, ऋद्धिपूर, रिधपूर अशा रूपांनी लिहिलेले आढळते, आणि ही सर्व रूपे एकाच स्थळाची आहेत हे ओळखणे संपादकास कठीण नाही. परंतु संपादक अर्थ जाणतो, संगणक बाइट मोजतो. अशा प्रसंगी नावाचा भरवसा सोडून ‘एलएस’ला ‘-आय’ खूण जोडून आयनोडचा क्रमांक पाहावा, आशय उघडून वाचावा, आणि मग ‘फाइंड’ला तोच क्रमांक देऊन फाईल काढावी, हा मार्ग श्रेयस्कर होय. मात्र त्या क्रमांकास अन्य नावे नाहीत याची खात्री त्याआधी करावी. नाव संशयास्पद असेल तर वस्तूची ओळख वस्तूवरूनच पटवावी, हे तत्त्व पोथ्यांच्या सूचीकारासही मान्य असलेले आहे.

५

आता ज्या मार्गांत काढलेली वस्तू साक्षीसह टिकते त्यांचा विचार करावयाचा. लिनक्सवर ‘ट्रॅश-सीएलआय’ या संचातील ‘ट्रॅश-पुट’ ही आज्ञा, किंवा ‘जिओ ट्रॅश’ ही आज्ञा, फाईल नष्ट न करता ती कचरापेटीच्या फोल्डरात हलविते. तिच्याबरोबर एक छोटी माहितीफाईल तयार होते, आणि फाईल मुळात कोठे होती व ती केव्हा काढली या दोन गोष्टी तीत नोंदल्या जातात. ‘ट्रॅश-लिस्ट’ने यादी पाहता येते, ‘ट्रॅश-रिस्टोर’ने फाईल पूर्वस्थानी आणता येते, आणि ‘ट्रॅश-एम्प्टी’ला दिवसांची संख्या दिल्यास तेवढ्या दिवसांहून जुन्याच फायली कायमच्या जातात.

केवळ ‘एमव्ही’ या आज्ञेने फाईल दुसऱ्या फोल्डरात टाकण्याची घरगुती युक्ती अनेक जण वापरतात. ती यापुढे थिटी पडते ती त्या दोन नोंदींच्या अभावामुळे. वस्तू राहिली, परंतु ती कोठून आली हे कळेनासे झाले, तर तिची साक्ष निम्मी गेली. पोथीचे सुटे पान मिळावे आणि ते कोणत्या पोथीचे हे कळू नये, तसा हा प्रकार होय.

‘आरसिंक’ ही मुळात दोन फोल्डर समान करण्याची आज्ञा. ‘--डिलीट’ ही खूण दिली, की मुळात नसलेले सर्व काही ती प्रतीतून काढते. रिकामे फोल्डर मूळ म्हणून देऊन प्रचंड फोल्डर वेगाने रिते करण्याची युक्ती याद्यांत कौतुकाने सांगितलेली असते. त्या युक्तीतच तिचा धोका प्रकट होतो. मूळ चुकून रिकामे झाले असेल, तर राखणीसाठी ठेवलेली प्रतही त्याच तत्परतेने रिकामी होईल. प्रत ही मुळाचा आरसा असावी की साक्षीदार असावी, असा हा प्रश्न आहे. हिराइसेचे स्मरण मूळ पोथीचा आरसा असते, तर पोथीबरोबर तेही गेले असते. ‘--बॅकअप’ आणि काढलेल्या फायलींसाठी वेगळे फोल्डर देणारी खूण जोडल्यास ‘आरसिंक’ साक्षीदाराचे काम करू शकते. ‘--ड्राय-रन’ने काय जाणार ते आधी पाहताही येते.

‘गिट आरएम’ ही आज्ञा चालू स्थितीतून फाईल काढते, परंतु पूर्वी नोंदलेल्या आवृत्त्यांत ती कायम राहते. आणि काढल्याची नोंद करताना कोणी, केव्हा आणि लेखकाने लिहिले असल्यास का, हेही टिपले जाते. या प्रकाराचे सर्वांत जवळचे ग्रंथीय साम्य पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत आढळते. वि. स. सुखटणकर यांच्या संपादकत्वाखाली आदिपर्व १९३३ मध्ये पूर्ण झाले आणि संपूर्ण संहितेचे कार्य १९६६ मध्ये सिद्धीस गेले. त्या आवृत्तीने सहस्रावधी ओळी संहितेतून काढल्या. परंतु एकही ओळ फेकून दिली नाही. लहान भाग तारांकित क्रमांकांनी तळटिपांत आणि मोठे भाग परिशिष्टांत, कोणत्या हस्तलिखितांत आढळतात त्याच्या निर्देशासह, छापण्यात आले. संपादकाचा निर्णय मान्य नसणाऱ्या वाचकास त्याच पृष्ठावरून विरुद्ध निर्णय करता यावा, एवढी साक्ष तेथे आहे. काढण्याचा अधिकार आणि काढलेले दाखविण्याचे कर्तव्य ही तेथे एकत्र नांदतात.

६

पाठचिकित्सेने काढून टाकण्याचे एक शास्त्रही निर्माण केले आहे. जी प्रत उपलब्ध असलेल्या दुसऱ्या प्रतीवरूनच उतरविली असल्याचे सिद्ध होते, तिला स्वतंत्र साक्षीमूल्य नसते. म्हणून पाठनिश्चितीच्या कामातून ती वगळावी, असे लाखमनच्या नावाने ओळखली जाणारी पद्धती सांगते. पुढे पास्क्वाली याने १९३४ च्या आपल्या ग्रंथात, प्रत उत्तरकालीन आहे एवढ्यावरून ती निकृष्ट ठरत नाही, असा इशारा दिला. दुबार फायली शोधणाऱ्या ‘एफडूप्स’सारख्या साधनांची परीक्षा या पार्श्वभूमीवर केली पाहिजे.

ही साधने प्रथम आकार, नंतर आशयावरून काढलेली संख्यात्मक खूण आणि अखेरीस एकेक बाइट ताडून पाहतात. या तिन्ही कसोट्यांस उतरलेल्या दोन फायलींचा आशय निश्चितपणे एकच असतो. हस्तलिखितांच्या जगात अशी निश्चिती कधीच नसते, कारण हाताने उतरविलेली कोणतीही दोन पाने तंतोतंत समान नसतात. पोथी आणि फाईल यांचे साम्य येथे संपते. तंतोतंत दुबार फाईल काढल्याने पाठाची हानी होत नाही. होते ती केवळ सुरक्षिततेची, आणि तीही दोन्ही प्रती एकाच साधनावर असतील तर नगण्य.

प्रत्यक्षातली हानी दुसरीकडून होते. लीळाचरित्राच्या दोन लिप्यंतरांच्या फायलींत केवळ चार ओळींचा फरक असेल, तर साधन त्यांस दुबार म्हणत नाही. माणूस मात्र म्हणतो. नावे सारखी, आकार जवळजवळ सारखा, तेव्हा जुनी प्रत काढून नवी ठेवावी, असा विचार जागा वाचविण्याच्या भरात सहज सुचतो. त्या चार ओळी टंकलेखकाच्या चुका असतील, किंवा एका पोथीतील वासना असेल. ती वासना पुसून एकसंध पाठ ठेवणे म्हणजे चौदाव्या शतकातील संकलकांनी जे केले नाही ते एकविसाव्या शतकात करणे होय. ‘डिफ’ या आज्ञेने दोन फायलींतील भेद आधी वाचून पाहिल्यावाचून त्यांतील कोणतीही काढू नये, हा नियम अशा संग्रहांत अपवादरहित असावा.

याचा अर्थ सर्व काही राखावे असा नव्हे. तात्पुरत्या फायली, पुन्हा सहज तयार होणाऱ्या फायली, अर्धवट उतरलेल्या प्रतिमा यांच्यासाठी साधा ‘आरएम’ पुरेसा व योग्य आहे. प्रत्येक कचऱ्याची साक्ष ठेवू लागल्यास साक्षीचेच मोल उतरते. त्याचप्रमाणे निवेदकाने विश्वासाने दिलेली खाजगी माहिती, किंवा ज्यावर संशोधकाचा अधिकार नाही असा मजकूर, कालावधी संपताच खरोखर नष्ट करणे हे कर्तव्यच असते. तेथे नाव काढून समाधान मानणे ही वंचना ठरेल, आणि कचरापेटी हा तर विश्वासघात ठरेल. मोठ्या आवाक्याचे साधन वापरावे की लहान, याचा निर्णय फायलींच्या संख्येवरून न करता त्या फायलींशी अभ्यासकाचे नाते काय यावरून करावा.

७

या सर्व परीक्षणातून पर्यायांची एक वेगळी मांडणी निष्पन्न होते. ‘आरएम’ व ‘अनलिंक’ हे नावाच्या लोपाचे मार्ग; ‘ट्रंकेट’, ‘श्रेड’ आणि किल्लीचा नाश हे आशयाच्या लोपाचे; ‘ट्रॅश-पुट’, ‘गिट आरएम’ आणि राखणीसह ‘आरसिंक’ हे दृष्टीआड करून साक्ष ठेवण्याचे. ‘फाइंड’ व ‘एक्सआर्ग्स’ हे वस्तुतः काढण्याचे मार्गच नव्हेत. ते निवडीचे मार्ग असून त्यांचे गुणदोष वाचनाच्या कसोटीवर ठरतात. वेगाच्या क्रमाने केलेल्या याद्या या चार गटांची सरमिसळ करतात, आणि म्हणून त्या वाचून शिकलेला विद्यार्थी कुशल होतो, पण सावध होत नाही.

मराठीच्या प्राचीन ग्रंथांच्या प्रतिमा आणि लिप्यंतरे संगणकावर साठविणारा अभ्यासक आज एकाच वेळी लेखनिक, संकलक आणि ग्रंथपाल या तिघांचे काम करीत असतो. पूर्वी पोथी नष्ट व्हावयास धाड यावी लागे, आग वा वाळवी लागावी लागे. आता टंकलेखनातील एक अस्थानी मोकळी जागाही तेवढे काम करू शकते. म्हाइंभटांची प्रत गेली तेव्हा ज्यांना ग्रंथ पाठ होता अशी माणसे होती. फायली कोणी पाठ करीत नाही. त्यांच्या बाबतीत हिराइसेचे स्थान दुसऱ्या जागी ठेवलेल्या स्वतंत्र प्रतीने आणि काढलेल्या गोष्टींच्या प्रामाणिक नोंदीने घ्यावयाचे आहे. ती व्यवस्था आधी करावी, आणि मगच कोणती आज्ञा अधिक वेगवान आहे याचा विचार करावा.